एका थेंबाचा चहा आणि आबांचा पंप

एक होती बेडकी. इवलीशी. कपाळावरच्या टिकलीएवढी. म्हणून तिचं नाव टिकली.

टिकली कुठे राहायची? आबांच्या रोपवाटिकेत. शेवंतीच्या कुंडीखाली होती एक ताटली. ताटलीवर होता एक नळ. नळातून पाणी पडायचं, टप्प टप्प. ताटली भरायची. टिकली उडी मारायची, डुबुक!

एके दिवशी जुना पंप खोकला. खॉक्. खॉक्. खॉऽऽक्! आणि झोपला तो झोपलाच.

नळ थांबला. ऊन तापलं. ताटली आटली. ताटलीत उरला एकच थेंब.

टिकली घाबरली. बेडकीला ओलं राहावं लागतं. वाळली, तर ती चिवड्यातल्या पोह्यासारखी कुरकुरीत होते! कुरकुरीत बेडकीला उडी मारता येते का? नाही येत.

टिकलीने थेंबावर पान झाकलं. आणि निघाली. टपाक टपाक, टपाक टपाक.

आली नळाकडे.

"नळदादा, नळदादा!
ताटलीत उरला एकच थेंब!
पाणी दे ना रे दादा!"

नळ म्हणाला, "मी तर नुसतं तोंड आहे गं. टाकीने ढकललं तर वाहीन."

टपाक टपाक, टपाक टपाक. टिकली आली टाकीकडे. टाकीकाकू लाल होती, गोल होती. तिचं काम एकच. पोटात पाणी धरायचं आणि पोटातल्याच वाऱ्याने ते नळाकडे ढकलायचं.

"टाकीकाकू, टाकीकाकू!
ताटलीत उरला एकच थेंब!
नळ म्हणतो, टाकीने ढकललं तर वाहीन.
ढकल ना गं काकू!"

टाकी म्हणाली, "काय ढकलू? आज पोटात नुसता वारा. बघ!" फुस्स्स! "पंपाने भरलं तर ढकलीन."

टपाक टपाक, टपाक टपाक. टिकली गेली शेजारच्या दुकानात. तिथे फळीवर बसले होते नवे पंप. एक मामा हत्तीएवढा. एक मामा म्हशीएवढा. आणि कोपऱ्यात एक मामा, डब्याएवढा.

"पंपमामा, पंपमामा!
ताटलीत उरला एकच थेंब!
नळ म्हणतो, टाकीने ढकललं तर वाहीन.
टाकी म्हणते, पंपाने भरलं तर ढकलीन.
चल ना रे मामा!"

हत्तीएवढा मामा म्हणाला, "घुर्रर्र! आबांनी निवडलं तर येईन."

म्हशीएवढा मामा म्हणाला, "घर्रर्र! आबांनी निवडलं तर येईन."

डब्याएवढा मामा हळूच म्हणाला, "गुणगुण. मीपण." ते फक्त टिकलीने ऐकलं.

टपाक टपाक, टपाक टपाक. टिकली आली आबांकडे. आबा खुर्चीत बसले होते.

रोपवाटिकेत सगळं आबा ठरवायचे. कुंडी कुठे ठेवायची? आबा सांगणार. खत कधी घालायचं? आबा सांगणार. मांजराने कुठे झोपायचं? तेही आबाच सांगणार! आणि आबा सांगणार कधी? सकाळचा चहा झाल्यावर. चहाच्या आधी? छे छे छे!

काल चहा झाला नाही. आजही चहा झाला नाही. म्हणून काहीच ठरलं नाही. मांजर कालपासून उभंच होतं.

"आबा, अहो आबा!"

"टिकले," आबा म्हणाले, "मोठ्यांच्या मधे बोलू नये!"

"पण तुम्ही तर गप्प बसलाय!"

"मोठ्यांच्या गप्प बसण्याच्याही मधे बोलू नये!"

"मग लहानांना तहान लागली तर?"

"मोठ्यांच्या आधी तहानही लागू नये!"

टिकलीने ऐकलंच नाही. ती बोललीच.

"ताटलीत उरला एकच थेंब!
नळ म्हणतो, टाकीने ढकललं तर वाहीन.
टाकी म्हणते, पंपाने भरलं तर ढकलीन.
पंप म्हणतो, आबांनी निवडलं तर येईन.
निवडा ना हो आबा!"

आबा म्हणाले, "चहा मिळाला तर निवडीन."

टपाक टपाक, टपाक टपाक. टिकली आली माईकडे. माई स्वयंपाकघरात बसली होती. पातेलं पालथं, गाळणं कोरडं.

"माई, अगं माई!
ताटलीत उरला एकच थेंब!
नळ म्हणतो, टाकीने ढकललं तर वाहीन.
टाकी म्हणते, पंपाने भरलं तर ढकलीन.
पंप म्हणतो, आबांनी निवडलं तर येईन.
आबा म्हणतात, चहा मिळाला तर निवडीन.
चहा टाक ना गं माई!"

माई म्हणाली, "पाण्याशिवाय चहा? पातेल्यात काय आबांची टोपी उकळू? नळ वाहिला तर चहा टाकीन."

नळ! टपाक टपाक, टपाक टपाक. टिकली पुन्हा आली नळाकडे.

"नळदादा, नळदादा!
ताटलीत उरला एकच थेंब!
नळ म्हणतो, टाकीने ढकललं तर वाहीन.
टाकी म्हणते, पंपाने भरलं तर ढकलीन.
पंप म्हणतो, आबांनी निवडलं तर येईन.
आबा म्हणतात, चहा मिळाला तर निवडीन.
माई म्हणते, नळ वाहिला तर चहा टाकीन.
वाहा ना रे दादा!"

"नळ? कुठला नळ?" नळाने विचारलं.

"तूच!"

"अरेच्चा! म्हणजे मी माझीच वाट बघतोय? बरं, बघतो." आणि नळ स्वतःची वाट बघत बसला.

आता मात्र टिकली चिडली. "सगळे सगळ्यांची वाट बघतात! आणि वाळतंय कोण? मी!"

तिने रागाने पाय आपटला. पाय वाजला, कुर्रुम!

बाप रे! पाय कुरकुरीत व्हायला लागला!

टिकलीने पान उचललं. थेंब होता. चमचम करत होता. प्यावा? अंगाला लावावा? टिकलीने थेंबाकडे पाहिलं. मग आबांच्या खुर्चीकडे पाहिलं. मग तिने थेंब पानावर घेतला आणि निघाली. टपाक कुर्रुम, टपाक कुर्रुम.

"माई, हे घे पाणी. टाक चहा!"

"एवढुस्सं?"

"एवढुस्सं!"

माईने चमच्यात थेंब घेतला. चहापूड घातली, एक कण. साखर घातली, एक दाणा. दूध घातलं, सुईच्या टोकावर मावेल एवढं. उकळी आली, पुट्ट! झाला एका थेंबाचा चहा.

आबांनी चहा बशीत ओतला. फुंकर घातली, फूऽऽ! चहा उडालाच होता. आबांनी तो झेलला. फुर्रर्र! प्यायले. मिश्या पुसल्या.

"साखर कमी आहे," आबा म्हणाले. "असो. आता निवडतो. मी मोठा, माझा पंप मोठा! आणा तो हत्तीएवढा!"

मोठा मामा आला. घुर्रर्र! एका घोटात टाकी भरली. मामा बंद. जरा पाणी गेलं. मामा सुरू. घुर्रर्र! टाकी भरली. मामा बंद. सुरू, बंद. सुरू, बंद. टाकीकाकूला लागली उचकी. हिक्! हिक्! हिक्!

काकूला उचकी, नळाला शिंक. फिच्च! फिच्च! पाणी उडालं ताटलीवरून. उडालं शेवंतीवरून. उडालं उभ्या मांजरावरून. आबांची टोपी उडाली, थेट चिंचेच्या शेंड्यावर!

आणि ताटलीत? एक थेंबसुद्धा नाही.

आबा ओरडले, "याहून मोठा आणा!"

टपाक कुर्रुम, टपाक कुर्रुम. टिकली चढली आबांच्या गुडघ्यावर. चढली पोटावर. चढली थेट नाकावर.

"आबा! काकूला विचारलंत का, तिला केवढा पंप हवा?"

"टाकीला कोण विचारतं?"

"मी विचारते! टाकीकाकू, तुला केवढा पंप हवा?"

टाकी म्हणाली, "छोटा, हिक्! माझं पोट लहान, हिक्! हळूहळू भरणारा हवा, हिक्! आजवर मला कुणी, हिक्, विचारलंच नाही!"

आबांनी टाकीकडे पाहिलं. आबांनी नाकाकडे पाहिलं. नाकावर टिकली डोळे वटारून बसली होती.

"बरं," आबा म्हणाले. अगदी बारीक आवाजात. "तो डब्याएवढा आणा."

आबांनी निवडला, पंप आला. गुणगुण, गुणगुण.
पंपाने भरलं, टाकीने ढकललं. उचकी पळाली.
टाकीने ढकललं, नळ वाहिला. टप्प टप्प, टप्प टप्प.
नळ वाहिला, ताटली भरली. काठोकाठ!

आणि टिकली?

डुबुक!

पाय झाला मऊ मऊ. कुर्रुम गेलं, टपाक राहिलं.

तिकडे माईने चहा टाकला. पातेलंभर! आबांनी उभ्याउभ्याच बशीभर चहा प्यायला. फुर्रर्र! मिश्या पुसल्या. "हं! आता सांगतो, मांजराने कुठे झोपायचं."

पण मांजर कधीच झोपलं होतं. कुठे?

आबांच्या खुर्चीत!

ताटली भरली, गोष्ट सरली. वरती उरला एकच थेंब, तो तुझ्या नाकावर. टप्प!