राजानं मोडलेला बीजमळा

फार फार जुनी गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक राज्य होतं. तिथे जोंधळा पिकायचा आणि घराघरात पोटभर भाकरी असायची.

त्या राज्यात एक बीजमळा होता. राजाच्या आजोबांनी तो लावलेला. दर घरामागे मिळणाऱ्या शेरभर धान्यावर तो चालायचा. तिथली माणसं एका वाणाचे पराग दुसऱ्या वाणावर झटकत, रोगट ताटं उपटत, निरोगी कणसं निवडत आणि ते बी गावोगाव वाटत. मळ्याची कारभारीण होती येसाई नावाची म्हातारी.

नवा राजा गादीवर बसला. त्यानं येसाईला विचारलं, "या मळ्यातून कोठारात किती पोती येतात?"

"इथून काही येत नाही, महाराज. येतं ते गावांच्या शेतांतून."

"म्हणजे मळा नुसता खातो. पिकावर रोग तर मी जन्मात पाहिला नाही."

"रोग दरवर्षी येतो," येसाई म्हणाली. "रूप पालटून येतो. आम्हीही बी पालटतो, म्हणून तो आत शिरत नाही."

राजानं मळा मोडला. तिथे घोड्यांसाठी कुरण केलं.

काही वर्षं काहीच झालं नाही. मग एका वर्षी जोंधळा माणसाच्या डोक्यावर गेला. कणसं टपोरी दिसू लागली. लोक गोफणी घेऊन राखणीला बसले, पण एकही पाखरू फिरकलं नाही. भर दुपारी सगळं शिवार मुकं. वारा थांबला की आपलाच श्वास ऐकू येई. शेतात शिरताना माणसं आपोआप हळू बोलू लागली.

राजा स्वतः पाहायला आला. त्यानं एक कणीस मुठीत दाबलं. आत दाणा नव्हता, काळी भुकटी होती.

"काणी रोग," मागून कुणीतरी पुटपुटलं.

खळ्याखळ्यांवर काळा धुरळा उठला. तो बैलांच्या पापण्यांवर बसला, पाण्याच्या घागरींत उतरला. काळवंडलेल्या तोंडांची माणसं ओट्यावर बसून राहत. मग दारं उघडी टाकून एकेक घर परमुलखात निघून गेलं.

राजानं बाहेरून धान्य आणवलं. आजोबांपासून मळ्यावर जे खर्ची पडलं होतं, त्याच्या कितीतरी पट एका वर्षात गेलं आणि खजिना रिता झाला.

शेवटी तो येसाईच्या झोपडीत आला. तिनं जुन्या वाणांचं मूठमूठ बी जपलं होतं.

"हवी तेवढी माणसं देतो. महिन्याभरात नवं बी तयार कर."

"जोंधळ्याचा हंगाम वर्षातून एकदाच येतो, महाराज. माणसं वाढवली म्हणून तो लवकर येत नाही."

राजा खाली बसला. "मग तोवर?"

"तोवर जे तगतील ते तगतील."

कुरण नांगरलं गेलं. बी तयार होईतो बरीच वर्षं लोटली, येसाईही वारली. अखेर निरोगी पीक उभं राहिलं, पण ते कापायला पुरेशी माणसं राज्यात उरली नव्हती.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: संकट दिसत नाही, कारण कुणाच्या तरी हातांनी ते अडवून धरलेलं असतं; त्या हातांवरचा खर्च जो वाचवतो, तो सगळंच गमावतो.