मान तुमचा आणि मान तिची

घाटाखालच्या एका गावात एक घोडेवाला राहत होता. त्याच्याकडे शेवंती नावाची पांढरी घोडी होती. घाटावरच्या देवाच्या पालखीपुढे दरवर्षी तीच चालायची. उत्सव आला की ती पायीच घाट चढे आणि नवरा-बायको तिच्यासोबत चालत.

एका वर्षी उत्सवाला नवे अध्यक्ष लाभले. त्यांनी घोडीसाठी टेम्पो पाठवला आणि मागोमाग स्वतःही जीपमधून आले.

"घोडी डाव्या कडेला उभी कर," ते म्हणाले. "लोक त्याच बाजूला स्वागताला थांबलेत. आणि तोंड चांगलं वर बांध. देवाची घोडी जमिनीकडे बघत आलेली मला चालणार नाही."

रस्ता मधे उंच असतो आणि कडेला उतरत जातो. एकटं जनावर न्यायचं तर ते ड्रायव्हरच्या बाजूला उभं करायचं, म्हणजे गाडी उताराकडे कलत नाही. दोरही सैल हवा. वळणावर घोडा डोकं खाली-वर करूनच तोल सांभाळतो आणि नाकात गेलेली धूळ डोकं खाली घालूनच खोकून काढतो. हे सगळं घोडेवाल्याला पक्कं ठाऊक होतं.

"साहेब, ती उजवीकडे बरी राहील. आणि दोर जरा..."

"तुला घोडी मिरवायची आहे की झोपवायची आहे?" अध्यक्ष म्हणाले. जीपमधली माणसं खो खो हसली.

घोडेवाल्याने शेवंतीला डाव्या कडेला उभं केलं. त्याने स्वतःच्या हाताने दोर वरच्या दांडीला आखूड बांधला.

जीप पुढे निघाली, मागे टेम्पो. नवरा-बायको टेम्पोत घोडीजवळ उभे होते. पहिल्याच वळणावर बायको म्हणाली, "अहो, हिचे पाय बघा. थरथरतायत."

"होईल सवय."

"तिला खोकायचंय, पण डोकं खाली घेता येत नाहीये. टेम्पो थांबवा ना!"

"आता थांबलो तर ते काय म्हणतील?"

"म्हणू देत! म्हणणारे गाद्यांवर बसलेत. टांगलंय ते हिला!"

पुढच्या वळणावर टेम्पो डावीकडे कलला. शेवंतीचे खूर पत्र्यावर घसरले, ती फळीवर आदळली आणि गुडघ्यांवर कोसळली. दोर मात्र सुटला नाही. ती गळ्याने लोंबकळू लागली. तिचे डोळे पांढरे झाले, घशातून घरघर येऊ लागली.

घोडेवाला गाठीला झोंबला. तिच्या वजनाने गाठ दगडासारखी घट्ट झाली होती. बायकोने चाऱ्याच्या भाऱ्यातला विळा ओढून त्याच्या हातात दिला आणि स्वतः केबिनवर धडाधड मुठी आपटल्या. त्याने दोर कापला. शेवंतीचं डोकं धप्पकन खाली आलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग ती खोकली. पुन्हा खोकली.

टेम्पो थांबला. जीप उलटी फिरून आली.

"दोर कापलास?" अध्यक्ष ओरडले. "वर लोक ताटकळलेत! उठव तिला आणि बांध परत. आपला मान जाईल!"

घोडेवाला पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघून बोलला. "मान गेला तर तुमचा जाईल, साहेब. हिची गेली असती."

रस्त्याकडेच्या मातीच्या उंचवट्याला टेम्पो लावून त्याने घोडी उतरवली आणि लंगडत्या शेवंतीला घेऊन ते दोघे हळूहळू घराकडे निघाले. त्या वर्षी पालखी घोड्यावाचून निघाली. पुढच्या वर्षी देवाला दुसऱ्या गावचा घोडा आला.

शेवंतीच्या गुडघ्यांच्या जखमा भरल्या. पण घोडेवाल्याने दावं उचललं की ती अजूनही मागे सरते. ते आता बायकोच बांधते.

तात्पर्य: मुक्या जीवाच्या वतीने एकदा पुटपुटून जो गप्प बसतो, तोही दोर आवळणाऱ्यांतलाच एक असतो.