विसांतल्या तीन जत्रा

खाडीकाठच्या एका गावात केतकी तांडेल नावाची प्रोग्रॅमर होती. तिला संगणकाची एक खास भाषा येत होती. त्या भाषेत फक्त घटना लिहायच्या: माणूस आला, रांगेत उभा राहिला, होडीत बसला, गेला. मधला रिकामा वेळ संगणक उडी मारून ओलांडतो आणि अख्ख्या दिवसाची गर्दी क्षणात दाखवतो. गर्दी मात्र दर खेपेला निराळी येते, अगदी खऱ्यासारखी.

बेटावरच्या देवीची जत्रा जवळ आली. गावचा होडीचा धक्का जुना, दोनशे माणसांपलीकडे भार न पेलणारा. एक होडी पुरेल का, असे सरपंच धर्माजींनी केतकीला विचारले. तिने एकच होडी धरून संगणकावर वीस जत्रा भरवून पाहिल्या. सतरा सुखरूप पार पडल्या. उरलेल्या तीन जत्रांत धक्क्यावर चारशे माणसे साचली.

पण दुसरी होडी होती शेजारच्या गावाची, आणि त्या गावाशी यांचे पिढ्यान्‌पिढ्या वाकडे.

"त्यांच्या दारात मी जायचं? एक पुरते, एवढंच सांग," सरपंच म्हणाले.

केतकीने मान खाली घातली आणि सतरांतली एक चांगली जत्रा तेवढी त्यांना दाखवली.

जत्रेच्या दिवशी ती सकाळपासून धक्क्यावर माणसे मोजत उभी होती. एकशे साठ. एकशे नव्वद. तिची आईच नारळ घेऊन रांगेत होती. संगणकाने ओलांडलेले एकेक मिनिट तिला मात्र जगावे लागत होते. संध्याकाळी होडीची शेवटची खेप परतली. कोणाला साधे खरचटलेही नव्हते.

सरपंच खूश झाले. ग्रामसभेत हार घेऊन पुढे आले. "बघा आमच्या पोरीचं गणित! आता दर वर्षी एकच होडी!"

ती गप्प बसली असती, तर कोणाला काही कळले नसते. पण 'दर वर्षी' ऐकून ती उठून उभी राहिली.

"काका, हार नको. विसांतल्या तीन जत्रांत धक्का भार पेलत नव्हता. मी ते लपवलं."

"अगं, पण आज तर सगळं नीट झालं!"

"आजचा दिवस सतरांतला निघाला, काका. पुढचा कुठला निघेल, मला ठाऊक नाही. रांगेत माझी आई होती. तुमची सूनही होती."

सरपंचांनी हार टेबलावर ठेवला. पुढे महिनाभर ते केतकीशी बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच चपला घालून ते शेजारच्या गावाच्या वाटेला लागले.

तात्पर्य: नशिबाने वाचलो म्हणून खोटे खरे ठरत नाही, जाणत्याने सोयीचे तेवढेच नव्हे, भीतीचेही सांगावे.