समोरून येणारी

"उलटी फिरते? पाहिलं कोणी?"

भिंतीपलीकडून सासऱ्यांचा आवाज आला. यामिनी मोरीवर भांडी घासत होती. तिचे हात चालूच राहिले, कान मात्र थांबले.

"शेजारच्या दुर्पताबाईनं पाहिलं," सासूबाई म्हणाल्या. "तलाव डाव्या हाताला ठेवून फिरून राहिली पोरगी. मसणात फिरतात तशी. होळी तोंडावर आली, घरात नवी सून, अन् हे असं."

 सासरे म्हणाले, तिचं फिरणंच बंद करून टाकू.

यामिनीनं कढई उपडी ठेवली. फिरण्याबद्दल कधीतरी कोणीतरी बोलणार, हे तिनं धरलेलंच होतं. नवल तिला सासऱ्यांच्या आवाजाचं वाटलं. तो रागावलेला नव्हता, घाबरलेला होता.

पळसबोडीत गावापेक्षा तलाव मोठा. लग्न होऊन यामिनी माघात इथं आली. नवरा भंडाऱ्याला नोकरीला, शनिवारी येई, सोमवारी जाई. उरलेल्या दिवसांत ती सासूबाईंना पोळ्या कशा आवडतात ते शिकत होती. ती इतकं कमी बोले की दुर्पताबाईनं एकदा सासूबाईंना विचारलं होतं, मुलगी पाहायला गेलात तेव्हा बोलती करून पाहिली होती ना? सासूबाईंनी तेव्हा हसण्यावारी नेलं. पण त्या दिवसापासून पाहुण्यांदेखत त्या सुनेला उगाचच काहीतरी विचारू लागल्या.

तिचं असं या घरात काही नव्हतं. एक ती सकाळची फेरी.

उजाडता उजाडता ती तलावाच्या बांधावर, पाळीवर चढे. पळस पेटलेला असे. मोहाच्या झाडाखाली रात्रीतून फुलांचा सडा पडलेला असे आणि त्या गोड, आंबूस वासानं डोकं थोडं हलकं होई. पाणी मागे सरकत होतं. थंडीत आलेली बदकं रोज थोडी थोडी कमी होत होती. कुठं चाललीस, काय पाहतेस, असं तिथं कोणी विचारत नसे.

आणि उलटं फिरण्यात धर्म-अधर्म काही नव्हता. पहिल्याच दिवशी सासरे पुढं निघालेले दिसले, हातात माळ, पावलं सावकाश. सासऱ्यांना मागे टाकून जाणं नव्या सुनेला शोभत नाही. त्यांच्या मागे मागे जायचं, तर दुपार झाली असती. म्हणून ती दुसऱ्या बाजूनं वळली. एवढंच.

सासरे, फागोजी लांजेवार, हे भिवाबाबांचे पहिले शिष्य. बाबा तलावाकाठी झोपडी बांधून राहिले तेव्हापासूनचे. रोजची प्रदक्षिणा बाबांनीच सांगितली होती, आणि फागोजींनी ती एक दिवस चुकवली नाही, हे पळसबोडीत लहान मुलांनाही ठाऊक. चहा घेताना ते म्हणत, "झाली फेरी." सासूबाई कप भरताना पाहुण्यांकडे बघून घेत.

आता, समोरून येणाऱ्या माणसाला जे दिसतं ते मागून येणाऱ्याला दिसत नाही.

पलीकडच्या काठाला सांडवा होता. तिथं पाळ तुटते, पाणी जायला वाट ठेवलेली. ओलांडायला मोठे दगड टाकलेत, पण मधे एका ठिकाणी लांब टांग टाकावी लागते. यामिनी सांडव्याच्या आपल्या बाजूला मोहाच्या आडोशाला पोचे तेव्हा सासरे सांडव्याच्या त्या बाजूला उभे असत. काठी दगडावर टेकवत. पाय पुढं टाकत. मागे घेत. इकडेतिकडे पाहत. मग माळ खिशात घालून आल्या वाटेनं परत जात. घाटावर कोणी पाहू नये म्हणून तो यायच्या आत पळसाच्या बनातून घरी.

रोज.

ते गेले की यामिनी दगड ओलांडी. ज्यांच्या मागे चालायचं नाही म्हणून ती उलटी निघाली होती, त्यांच्याच मागे तिला उरलेली वाट चालावी लागे, तीही लपत. याचं तिला हसू येई. घरी तिनं हे सांगितलं नव्हतं. यात तिचा काही मोठेपणा नव्हता. कोणी विचारलंच नव्हतं.

बाबांकडे जायचं सासूबाईंनी ठरवलं. सासरे म्हणाले, एवढ्याशा गोष्टीसाठी त्यांना कशाला त्रास... सासूबाईंनी चपला घातल्यासुद्धा, आणि सुनेलाही सोबत घेतलं.

फेरी जिथं संपते तिथंच बाबांची झोपडी. बाबा दारात मोहाची फुलं वाळत घालत बसले होते. सासूबाईंनी सगळं सांगितलं, दुर्पताबाईसकट. बाबा फुलं पसरत राहिले.

मग सासरे बोलू लागले. पुष्कळ बोलले. दैवत उजव्या हाताला हवं, उलटी फेरी घराला बाधते, नव्या मुलींना हे कोणी शिकवत नाही. शेवटी म्हणाले, सरळ-उलट हा वादच नको, तिनं फिरणं सोडावं हे उत्तम.

बाबांनी मान वर केली.

"फागोजी, तुला फिरायला कोणी सांगितलं?"

"तुम्ही."

"हात कोणता, ते?"

"...शास्त्रात आहे, बाबाजी."

बाबांनी काडी घेतली. धुळीत गोल काढला. त्यावर मोहाचं एक फूल ठेवलं.

"हा तलाव. हा तू. अलीकडच्या काठानं तुझं तोंड कुठं?"

"मावळतीला."

बाबांनी फूल सरकवत पलीकडे नेलं. "इथं?"

"उगवतीला."

"म्हणजे मी इथं बसून पाहिलं, तर तिथं तू उलटा."

सासूबाई हसल्या. म्हणाल्या, ह्यांना उलटं कोण म्हणेल, एक दिवसाचा खाडा नाही.

त्यांच्यासोबत कोणी हसलं नाही.

सासऱ्यांची मण्यांवरची बोटं थांबली होती. बाबा कदाचित नुसतं गोलाबद्दल बोलले असतील. यामिनीनं झोपडीच्या दाराकडे पाहिलं. मग पाळीकडे. फेरी पुरी करणारा माणूस या दारावरूनच जाणार. बाबा इतकी वर्षं या दारात बसलेले. आणि सासरे या दारावरून का जात नाहीत, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"ही पोरगी समोरून येते," बाबा म्हणाले. "हिला विचारू."

सासऱ्यांनी पाण्याकडे तोंड फिरवलं.

"बाई, पलीकडच्या काठाला तुला काय दिसतं?"

वाक्य तिच्याजवळ तयार होतं. कढई घासतानाच ते जुळलं होतं, वाटेत तिनं त्यातले दोन शब्द बदलून ते आणखी नेमकं केलं होतं. ते एक वाक्य बोललं की तिची सकाळ तिची. मग त्या घरात सरळ-उलट हे शब्द पुन्हा कोणी काढले नसते.

सासऱ्यांचा उजवा तळहात गुडघ्यावरून फिरत होता. त्यांचं त्यांना कळतही नसावं. गुडघा सुजलेला होता; धोतरातूनही दिसत होता. समोरून तिला इतके दिवस फक्त काठी दिसली होती.

...

"बोल की," सासूबाई म्हणाल्या. "तोंडात गुळणी धरली का?"

बाबांनी धुळीतल्या गोलावरचं फूल उचललं आणि तिच्यापुढं ठेवलं. गोलाच्या बाहेर.

यामिनीनं पदर सारखा केला. ती बाबांकडे पाहून बोलली, पण सासऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"सांडवा दिसतो, बाबाजी. तिथं दगडावरून टांग टाकायची मला भीती वाटते. उद्यापासून मी इकडून आले, मामाजी तिकडून आले, आणि त्यांनी काठीचं टोक माझ्याकडे धरलं, तर फेरी पुरी होईल."