रंभाजी खुर्चीत आहे

एका गावात एक भोळा होता आणि त्याला नोकरी होती. या दोन गोष्टी एकाच माणसाला मिळू नयेत, पण माळेवाडीत मिळाल्या. त्याचं नाव रंभाजी. घरात तो आणि त्याची आई राहीबाई. दारात शेळी, मागे विहीर. त्या विहिरीवर राहीबाईचा सगळा जीव, आणि शेजारच्या तात्याबाचा डोळा. तात्याबा म्हणायचा, विहीर माझ्या बांधाच्या आत आहे.

नोकरी अशी होती. खोऱ्यातल्या गावांनी आपले जमिनीचे कागद आणि नकाशे संगणकात भरून ठेवले होते. काही बोरखडीच्या संगणकात, काही चिंचवणच्या. माळेवाडीच्या संगणकात मात्र एकही कागद नव्हता. त्यात नुसती यादी होती, कुठला कागद कुठल्या गावच्या संगणकात आहे त्याची. कागद हवा असला की आधी माळेवाडीला विचारायचं, मग त्या गावाला. यादी बिघडली की कागद असून नसल्यासारखे.

तालुक्याहून वाघचौरे मॅडम आल्या. त्यांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत रंभाजीला यादीसमोर खुर्चीत बसवलं.

"रंभाजी, नीट ऐका. इथे कुणी काही मागितलं तर द्यायचं नाही. ते कुठे आहे एवढंच सांगायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

रंभाजीला काम फार आवडलं. त्याच दुपारी त्याचा मामा जेवायला आला. राहीबाईने ठेचा केला होता आणि मिरच्यांना हात जरा सढळ पडला होता. दुसऱ्या घासाला मामाला ठसका लागला.

"पाणी! रंभ्या, पाणी!"

"माठात," रंभाजी म्हणाला.

"आरं, पाणी!"

"माठ चुलीच्या डाव्या अंगाला. वर पितळी झाकण हाय."

मामा रांगत माठापर्यंत गेला. राहीबाईने कपाळाला हात लावला. "आरं मेल्या, माणसानं मागितलं की उठावं, जावं, आणून त्याच्या हातात द्यावं. कळलं का?"

"कळलं, आई."

रंभाजीला नेहमी कळायचं. तीच तर अडचण होती.

दुसऱ्या दिवशी बोरखडीच्या सरपंचांचा फोन आला. त्यांना शाळेच्या जागेचा नकाशा हवा होता. रंभाजीने यादी बघितली. नकाशा चिंचवणच्या संगणकात. रंभाजी उठला. गेला. चिंचवणच्या संगणकाच्या तारा उपटल्या, उपरण्यात बांधून तो डोक्यावर घेतला आणि चार मैल चालून सरपंचांच्या ओट्यावर ठेवला.

"घ्या. नकाशा यातच कुठंतरी हाय."

यादीत तर अजून चिंचवणच लिहिलेलं. मग दिवसभर माणसं चिंचवणला जात होती, रिकामं टेबल बघत होती आणि रंभाजीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत परत येत होती.

मॅडम धावत आल्या. "आणायचं नाही, रंभाजी! फक्त ठिकाण सांगायचं! आणि कधी काही हलवायची वेळ आलीच, तर आधी नोंद बदलायची, मग हलवायचं. नोंद बदलल्याशिवाय काहीही हलता कामा नये!"

"काहीही?"

"काहीही!"

सकाळी आठची एसटी माळेवाडीच्या फाट्यावर थांबली. समोर रंभाजी वही घेऊन उभा.

"बाजूला व्हा," ड्रायव्हर म्हणाला.

"नोंद झाल्याबिगर हलायचं नाही."

त्याने एकेका उतारूचं नाव विचारून वहीत उतरवलं. सत्तावीस माणसं आणि एक कोंबडी. सगळं लिहून होईपर्यंत कंटाळून चार जण चहाला उतरले. म्हणजे ते हलले. रंभाजीने चार नावं खोडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आठची एसटी सव्वाअकराला सुटली, तीही कोंबडी उडून गेली तेव्हा रंभाजी तिच्यामागे धावला म्हणून.

खोलीवर येऊन त्याने ती सगळी माणसं संगणकातल्या यादीत चढवली. मग त्याच्या मनात आलं, आपणही हलतोच की. त्याने खाली लिहिलं: रंभाजी, माळेवाडी, खुर्चीत.

मॅडम आल्या तेव्हा त्यांचा आवाजच बसला होता. एसटीतली माणसं त्यांनी एकेक करून काढून टाकली, पण रंभाजीची ओळ नजरेतून सुटली. मग त्या म्हणाल्या, "आता तुमच्या एकट्याच्या यादीवर माझा भरवसा नाही. हीच यादी बोरखडीला आणि चिंचवणलाही ठेवते. इथे काही बदललं की तिथे आपोआप पोचेल. आणि कधी मेळ बसला नाही, तर तिघांपैकी दोघं सांगतील ते खरं."

"आणि एकटा सांगंल ते?"

"ते खोटं धरायचं."

त्याच आठवड्यात रंभाजीची दाढ दुखायला लागली. दाढ डावी. तो दवाखान्यात गेला. डॉक्टर म्हणाले, कुठली? रंभाजीने बाकावरच्या दोघांना विचारलं. दोघे म्हणाले, उजवी दिसतीय. डॉक्टरांनी उजवी काढली. रंभाजी एक गाल सुजलेला आणि दुसरा बोळा भरलेला घेऊन घरी आला, आणि हिशेब बरोबर जमला म्हणून खूश होता.

अशात विहिरीची सुनावणी लागली. तालुक्याच्या कचेरीत, बुधवारी. तिथल्या साहेबांनी कळवलं होतं की विहिरीच्या मोजणीचा नकाशा दाखवा, आणि हा नकाशा आमच्या यादीतलाच आहे असं यादी ठेवणाऱ्याने समोर उभं राहून सांगा. पाच वाजेपर्यंत हे झालं तर विहीर राहीबाईची. नाही झालं तर तात्याबाची.

राहीबाई रात्रभर झोपली नाही. नकाशा तिने पदरात बांधला. निघण्याआधी रंभाजीने शहाण्यासारखी नोंद बदलली: रंभाजी, तालुक्याची कचेरी. राहीबाईला वाटलं, पोराला अक्कल आली.

पण त्या सकाळी बोरखडी आणि चिंचवणची वीज गेलेली होती. बदललेली नोंद तिथे पोचलीच नाही.

दुपारी तीनला शिपायाने दारात येऊन पुकारा केला. "यादीवाले रंभाजी माळेवाडीकर, हजर आहेत का?"

रंभाजी 'हो' म्हणायला उठला. आधी खात्री करावी म्हणून त्याने बोरखडीला आणि चिंचवणला फोन लावला. तिथली वीज नुकतीच आली होती, यादी अजून जुनीच होती. बोरखडी म्हणाली, रंभाजी खुर्चीत. चिंचवण म्हणाली, रंभाजी खुर्चीत.

"रंभाजी हजर आहेत का?"

"न्हाई," रंभाजी म्हणाला. "त्यो माळेवाडीला हाय."

राहीबाई ओरडली, "साहेब, ह्योच रंभाजी! म्या जन्म दिलाय ह्याला!"

"आई, तू एकटी म्हणतीस. एकट्याचं खोटं धरायचं असतं."

साहेबांनी तात्याबाकडे बघितलं. "तुम्ही शेजारी ना? हा रंभाजी आहे का?"

तात्याबाने मिशीवर हात फिरवला. "छ्या! ह्याला आज पयल्यांदाच बघतोय."

"बघ आई," रंभाजी म्हणाला.

साहेबांना आणखी नऊ सुनावण्या होत्या. "मग तुम्ही कोण?"

"ठावठिकाणा सांगणारा."

"ठीक. तो रंभाजी कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे ना? मग जाऊन त्याला शोधा आणि पाचच्या आत मला फोन करा."

रंभाजी निघाला. राहीबाई त्याच्या सदऱ्याला धरून रडत एसटीच्या थांब्यापर्यंत गेली, पण गच्च भरलेल्या एसटीने त्याला एकट्यालाच नेलं. माळेवाडीला तो खोलीत शिरला. खुर्ची रिकामी होती. दोन्ही गावच्या याद्या चुकल्या की काय! त्याने टेबलाखाली बघितलं, दारामागे बघितलं, दोन हाका मारल्या. मग दमून खुर्चीत बसला. आणि बघतो तर काय, रंभाजी खुर्चीत!

पाचला दहा कमी असताना त्याने फोन लावला. "साहेब, सापडला! खुर्चीतच हाय!"

"छान. आता त्याला फोनवर द्या."

"ते न्हाई जमायचं, साहेब. आमच्याकडं कुठं हाय तेवढंच सांगत्यात. देत न्हाईत."

साहेबांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "विहीर तात्याबाची," आणि फोन ठेवला.

दिवेलागणीला राहीबाई माळेवाडीत पोचली. पायी आली होती. ती खोलीच्या उंबऱ्यावर बसली. घशाला कोरड पडली होती आणि भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

"रंभाजी," ती म्हणाली, "पाणी दे रे बाबा."

रंभाजीने वाकून यादीत बघितलं.

"तात्याबाच्या विहिरीत," तो म्हणाला. "आत्ताच बदलली नोंद. आणि आई, आज पयल्यांदाच तिन्ही याद्या जुळल्या बघ!"