तोडीचं तेल

इंजिनात नवं तेल घातलं आणि आंबोलीच्या घाटात वैजयंताबाई चौगुल्यांच्या मोटरसायकलचा क्लच सटकायला लागला. गाडी ढकलून त्यांचं डोकं इंजिनापेक्षा जास्त तापलं. दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजला त्याच तेल कंपनीने सावकाश मोटरसायकल चालवायची स्पर्धा ठेवली होती. सगळ्यात मागे राहील तो पहिला. बाई तेलाचा डबा घेऊन थेट मंचावर चढल्या.

"यावर मोटरसायकलच्या तेलाचं मानांकन छापलंय. तपासलं कुणी?"

"आम्हीच," कंपनीचे मॅनेजर मिराशी माइकवर हसले. "मानांकनाच्या तोडीचं आहे, बाई. बाहेरच्याचा शिक्का हवाच कशाला?"

बाईंनी पहिल्या बक्षिसाचा कप काखोटीला मारला आणि पायऱ्या उतरू लागल्या.

"अहो, स्पर्धा व्हायचीय अजून!"

"माझी कालच घाटात झाली. तुमच्या तेलावर गाडी जागची हलत नाही, माझ्याहून सावकाश कोण चालवणार? पंच मीच होते. पहिल्या नंबराच्या तोडीची चालवली."

"असं कुठे असतं का?" मिराशी माइकवरच ओरडले. "स्वतःच स्वतःला नंबर द्यायचा? पंच बाहेरचाच पाहिजे!"

मैदानभर शिट्ट्या वाजल्या. बाईंनी कप जागेवर ठेवला आणि शेजारी डबा आपटला.

"आता हे वाक्य यावर छापा."