खारीचा होकार

सागाच्या एका जंगलात, तळ्याच्या काठावर, एक खार राहत असे. मोठी चलाख होती. एकदा सांगितलेले तिला दुसऱ्यांदा सांगावे लागत नसे, आणि मुलांनो, तिची सारी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

त्याच तळ्यात एक म्हातारे कासव होते. वाळूचा कण फोडत फोडत गेले तर शेवटी काय उरते, या एका प्रश्नापायी त्याने उभे आयुष्य घालवले होते, आणि उत्तर त्याला सापडलेही होते. पण ते सोपवायला शिष्य मिळेना. ससा आला तसा पळाला. माकडाला एका जागी बसवेना. खार तेवढी टिकली, म्हणून म्हाताऱ्याचा जीव तिच्यात अडकला.

कासवाची शिकवण्याची रीत मात्र चिवट होती. ओल्या वाळूवर गणित मांडायचे, सुटले की पंजाने पुसायचे, आणि दुसऱ्या दिवशी तेच कोऱ्या वाळूवर स्वतःच्या डोक्याने पुन्हा उभे करायचे. जमले तरच पुढचा पाठ. खार अगदी कंटाळून जाई.

"आजोबा, कणाचा धडा कधी हो?"

"गणित पक्कं झालं की गती. मग तळ्यातल्या लाटा. मग वीज आणि उजेड. मग हे सगळं पुन्हा नव्यानं शिकायचं, कारण इतक्या बारीक कणांना आपले रोजचे नियम लागू पडत नाहीत. आणि मग कण."

"तोवर मी म्हातारी होईन की!"

"होशील," कासव म्हणाले. "आणि मी तर नसेनच. म्हणून म्हणतो पोरी, रोज येत जा. हे माझ्याबरोबर मातीत जायला नको."

खारीने मान डोलावली, पण मन उडाले ते उडालेच.

त्या सुमारास जंगलात एक साळुंकी आली. गावातल्या कॉलेजच्या वळचणीला तिचे घरटे होते, त्यामुळे वर्गातले बरेच काही तिच्या कानावर पडलेले. "एवढंच ना, खारूताई? बस इथं. संध्याकाळपर्यंत सगळं सांगते," ती म्हणाली. आणि क्वार्क, ग्लुऑन, बोसॉन, न्यूट्रिनो असा कणांच्या नावांचा तिने धडाकाच लावला. खारीला भारी आनंद झाला. बिया आधी ढोलीत भरायच्या आणि भूक लागली की फोडायच्या, हा तिचा जन्माचा शिरस्ता. तसेच तिने शब्द भरून घेतले. अर्थ काय, सवडीने काढू!

मग काय विचारता! हरणे काय, मोर काय, सगळे तिचे बोलणे ऐकायला जमू लागले. खार फांदीवर बसून बोसॉनबद्दल बोले आणि खालचे माना डोलावत. तिकडे कासव रोज सकाळी वाळू सारखी करून तिची वाट बघत बसे. सवड काही खारीला मिळाली नाही.

पुढे एका उन्हाळ्यात तळे आटले आणि कासवाने अंथरूण धरले. बगळा खारीला बोलवायला धावला. "चल लवकर, आजोबांचं काही खरं नाही."

खार गेली तेव्हा सारे जंगल गोळा झाले होते. कासवाने कष्टाने डोळे उघडले. "तुझं नाव ऐकतो हं मी. राहिलेलं सगळं तू स्वतःच शिकलीस म्हणे. शाबास! मग आता शेवटचं तेवढं ऐक."

आणि त्याने उत्तर सांगितले. हळूहळू, काही न लपवता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. खारीने जिवाचा कान केला. शब्द तर सगळे ओळखीचे होते. पण एकातून दुसरे का निघते, ते तिला काही केल्या उमगेना. "थांबा आजोबा, मला लाटाच येत नाहीत," असे तिच्या ओठांवर आले. पण लाटा शिकवण्याइतका श्वास त्या म्हाताऱ्यात कुठे उरला होता?

"कळलं ना, पोरी?"

खारीने त्याच्याकडे पाहिले. त्या डोळ्यांत केवढी आशा होती! तिला खरे बोलवेना.

"हो आजोबा. कळलं."

कासवाने समाधानाने मान कवचात घेतली. ती पुन्हा बाहेर आली नाही.

"काय गं सांगितलं त्यांनी?" बगळ्याने हळूच विचारले. खारीने सारे जसेच्या तसे म्हणून दाखवले, एक शब्दही चुकला नाही. "वा, काय विद्वान आहे!" म्हणत सगळे आपापल्या घरी गेले.

खार तिथेच बसून ओक्साबोक्शी रडली. उत्तर तिला तोंडपाठ होते, आणि ते समजणारे आता जंगलात कोणीही नव्हते.

तात्पर्य : खोल विद्येला जी वर्षे लागतात ती द्यावीच लागतात, ती चुकवून नुसते शब्द जमवणाऱ्याच्या कानी उत्तर पडले तरी ते वाया जाते, आणि पुन्हा शिकवायला गुरू थांबत नाही.